सावरखेड रोडची स्थळपाहणी

एखादी इमारत पाडायची असेल तर सरकारला आधी ती जाऊन पाहावी लागते. हा नियम ज्याने केला त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे आहेत. आपल्याकडची निम्मी जुनी बांधकामं केवळ त्यांना पाहायला कोणी गेलं नाही म्हणून उभी आहेत.

सावरखेड रोडचं स्टेशन असंच उभं होतं. दर्यापूरच्या पुढे, छोट्या लाइनीवर, चहूकडे कपाशी आणि मधे हे लाकडी स्टेशन. गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. रुळांवर बाभळी आणि बेशरमाची झुडपं माजली होती. स्टेशन मात्र अस्सल मेळघाटच्या सागवानाचं. फळ्यांच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पुढे खांबांचा व्हरांडा आणि तिकिटाची खिडकी. कागदोपत्री ते 'धोकादायक इमारत' ठरलं होतं. पाडायचा हुकूमही टाइप होऊन पडला होता, त्याला फक्त स्थळपाहणीचा अहवाल जोडायचा होता. आणि तेवढंच होत नव्हतं. पावसाळ्यात जावं तर शेवटचा रस्ता काळ्या मातीचा, जीप फसते. उन्हाळ्यात जावं तर ऊन. हिवाळ्यात जायला काही हरकत नसते, पण हिवाळ्यात नागपूरला अधिवेशन असतं आणि साहेब लोक फायली घेऊन तिकडे असतात.

या स्टेशनाचे शेवटचे स्टेशन मास्तर म्हणजे माझे शेजारी केशवराव. निवृत्तीनंतर ते अमरावतीला घर बांधून राहिले, पण मनाने बदली घेतली नव्हती. त्यांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. स्टेशन पडू नये, जमलं तर डागडुजी व्हावी. गाडी पुन्हा सुरू व्हावी असंसुद्धा त्यांचं म्हणणं नव्हतं. इतका समंजस आंदोलक मी दुसरा पाहिला नाही, आणि समंजस आंदोलकाचं काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे.

त्यासाठी आम्ही 'सावरखेड रोड स्थानक बचाव कृती समिती' काढली होती. अध्यक्ष गजेंद्र, ज्याचं टाइल्सचं दुकान आहे. सचिव मी. केशवराव सदस्य. बाकीचे सदस्य हळूहळू वारले किंवा पुण्याला मुलांकडे गेले. समितीच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. दरवर्षी आम्ही अकोल्याच्या सरकारी कार्यालयात निवेदन द्यायचो. तिथे ते घेऊन त्यावर शिक्का मारत. शिक्का फार छान उठायचा.

एका मार्च महिन्यात गजेंद्रला साक्षात्कार झाला.

"आपलं इथंच चुकून राहिलं," तो केशवरावांच्या गच्चीवरच्या खोलीत चहा फुंकत म्हणाला. "निवेदन फायलीत जाते. फाइल कपाटात जाते. वस्तू दिली तं टेबलावर राह्यते. साहेबाले गणपती द्या, घड्याळ द्या, त्याले ते रोज दिसते. आपण त्याले स्टेशनच देऊ."

"स्टेशन कसं देणार?" मी विचारलं.

"लहान!"

त्याने बोट दाखवलं त्या बाजूला केशवरावांची आगगाडी होती. एका फळीवर गोल रूळ, त्यावर वीतभर इंजिन. निवृत्त माणसं नातवंडं खेळवतात, केशवराव हे खेळवायचे. गाडीला सिग्नल होता, पूल होता, बोगदा होता, स्टेशन नव्हतं. गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलाने, शेखरने, टोरांटोहून एक खोका पाठवला होता. त्यावर सुबक लाकडी स्टेशनाचं चित्र होतं. केशवरावांनी तो फोडलाच नव्हता. आता फोडला.

आत स्टेशन नव्हतं. आत काड्या होत्या. नाजूक, पांढुरक्या, हलक्या लाकडाच्या काड्यांच्या जुड्या, पातळ फळकुटं, नकाशे आणि एक जाडजूड पुस्तिका.

सुभद्रावहिनी जिना चढून वर आल्या आणि जुडी हातात घेऊन पाहू लागल्या. "शेखरनं इतक्या दुरून काड्या पाठवल्या? काहून? आपल्या इथं काड्या भेटत नाई का?"

"अवं, हे कारागिराचं काम असते," केशवराव म्हणाले. "तयार काहीच नाही. नकाशावर ठेवून एक एक काडी कापायची, चिकटवायची, चौकट उभी करायची. मंग रंग. मंग त्याले जुनं करायचं."

"जुनं करायचं?"

"पुस्तकात अर्धी पानं त्याच्यावरच हायेत. नवं दिसलं तं खोटं वाटते म्हणे."

"बाप्पा," वहिनी म्हणाल्या. "आमच्या घरात आपोआप होते ते. त्याले पुस्तक लागते?"

काम सुरू झालं. पुस्तिका परदेशी असल्यामुळे तिच्यात पुष्कळ आपुलकीचे सल्ले होते जे आम्हाला लागू नव्हते. एका धुराड्याचे भाग होते. अकोला-अमरावतीच्या माणसाला स्टेशनात शेगडी पेटवायला सांगणं म्हणजे त्याची टिंगल करणं आहे. धुराडं वहिनींनी उदबत्ती लावायला नेलं. छपराचा उतार जास्त ठेवा, नाहीतर बर्फ साचेल, असंही लिहिलं होतं.

"साचला तं मले आवाज द्या," वहिनी खालून म्हणाल्या. "सरबत करीन."

केशवरावांनी उतार कमी केला, खिडक्या बदलल्या, दार उलट्या बाजूला नेलं. मूळ नकाशातलं काही उरलं नाही, लाकूड तेवढं उरलं. आणि ते लाकूड एप्रिलच्या शेवटी रुसलं. संध्याकाळी चोख जुळवलेली भिंत सकाळी पापडासारखी वाकलेली असायची. केशवरावांनी वजनं ठेवून पाहिली, डिंक बदलून पाहिला. शेवटी लक्षात आलं की दोष कूलरचा होता. खोलीत कूलर दमट वारा फेकत होता आणि ते थंड देशातलं कोरडं लाकूड आपल्या पाहुणचाराने फुगत होतं.

त्या दिवसापासून कूलर बंद. अमरावतीत मे महिना, वर पत्र्याची खोली आणि आत आम्ही दोघे बनियनवर. केशवराव एका हाताने चिमट्यात काडी धरायचे, दुसऱ्या हाताने कपाळावरचा घाम टिपायचे, कारण घामाचा थेंब पडला तरी फळी वाकायची. मी पंख्याने वारा घालायचो, तोही काड्या उडणार नाहीत अशा बेताने; म्हणजे घालत नव्हतो.

"सरकार तुमाले मारत नाई म्हणून तुमी आपल्याच हातानं मरून राहिले का?" वहिनींनी विचारलं. "भाऊजी, तुमी तरी समजवा ह्यायले."

"वहिनी, मी सचिव आहे. मला फक्त नोंद घेता येते."

मापं घ्यायला आम्ही एकदा सावरखेडला जाऊन आलो. दर्यापूरपर्यंत एसटी, तिथून वडाप जीप, पुढे पायी. स्टेशनाला लागून पुंजारामचा मळा आहे. वांगी, कोथिंबीर, थोडी झेंडूची फुलं. गाडी होती तेव्हा तो टोपल्या घेऊन गाडीने बाजाराला जायचा. आता टोपल्या स्टेशनच्या व्हरांड्यात सावलीला ठेवतो. त्याने फीत धरली, केशवरावांनी मापं घेतली. नुसती लांबी-रुंदी नाही. कोणती फळी खालून सडली, कोणत्या खांबाला वाळवी लागली, व्हरांड्याचं छप्पर कुठे खचलं, कवेलू कुठे निसटले, रंग कुठे पापुद्रे धरून सुटला, सगळं.

पुंजारामला ते पटेना. "मास्तर, हे सडकं-किडकं कायले लिवून राहिले? नवं कोरं करून दाखवा ना. पोरगी दाखवाची असली तं आपण पावडर लावूनच बसवतो."

"अरे, सडलं दिसलं तरच दुरुस्ती होईल ना," केशवराव म्हणाले. "डॉक्टरपाशी जाऊन तब्येत बरी हाय म्हणून सांगतोस काय तू?"

पुंजारामने पुन्हा फीत धरली. मलाही त्या वेळी ते फार तर्कशुद्ध वाटलं. तर्कशुद्ध गोष्टींची मला तेव्हापासून भीती वाटते.

जुनं करायचं काम सुरू झालं आणि केशवराव निराळेच झाले. स्पिरिटमध्ये काळी शाई मिसळून ते फळ्यांवर हात फिरवायचे, आणि पांढरं लाकूड पावसाळे खाल्लेल्या सागासारखं राखाडी व्हायचं. तारेच्या ब्रशने रेषा काढायचे. सुईने टोचून खिळ्यांची भोकं पाडायचे. फळीच्या खालच्या टोकाला ब्लेडने कुरतडून भुगा करायचे, त्यावर लाल मातीची वाळवीची रेघ ओढायचे. रंगाचा पापुद्रा सोलून निघालेला दिसावा म्हणून आधी रंग लावून मग चिकटपट्टीने ओरबाडायचे. पूर्वेकडचा खांब कलता बसवताना काही खांब मोडले. सरळ खांब बसवणं त्या मानाने सोपं होतं, पण ते खोटं झालं असतं.

जूनच्या सुरुवातीला स्टेशन तयार झालं. दोन्ही हातांत मावेल एवढं, आणि अगदी तेच. वहिनींना वर बोलावलं. त्या पदराने हात पुसत आल्या आणि स्टेशनासमोर खाली बसल्या. 

"इथं मी गहू निवडत बसायची," त्या व्हरांड्याकडे बोट करून म्हणाल्या. "इतका खराब झाला का हो हा?"

"झाला," केशवराव म्हणाले.

"मले वाटे, तुमी उगाच सांगता."

अकोल्याला आम्ही तिघं गेलो. गजेंद्रने शाल, श्रीफळ आणि फोटो काढायला आपला भाचा आणला होता. कार्यालयात नवे साहेब आले होते. तरुण, हसतमुख, टेबल स्वच्छ. आधी त्यांचा सत्कार केला, कारण मागणी करण्याआधी सत्कार करावा लागतो. मागणी नंतर अमान्य झाली तरी शाल परत मागता येत नाही, हा त्यातला धोका आहे. मग केशवरावांनी खोक्याचं झाकण काढलं.

साहेब खुर्चीतून उठले. कमरेत वाकून त्यांनी डोळे व्हरांड्याच्या पातळीला आणले. "अहो, हे काय केलंय तुम्ही! हे हातानं?"

"हातानंच, साहेब."

"प्रमाणात आहे?"

"तंतोतंत. फीत लावून घ्या."

इतक्या वर्षांत या कार्यालयात कोणी आम्हाला पहिल्यांदा प्रश्न विचारत होतं. साहेबांनी एका हाताखालच्या माणसाला बोलावलं, तो वही घेऊन आला.

"हा खांब असाच कललाय?"

"असाच. पूर्वेला. वीतभर असेल."

"आणि या फळ्या?"

"तिकिटाच्या खिडकीखालच्या सगळ्या खालून गेल्या. बोट लावलं तरी भुगा पडतो."

"छप्पर?"

"मधे खचलंय साहेब. आढं तडकलं आहे. हे बघा, इथून दिसतं." केशवरावांनी काडीच्या टोकाने दाखवलं. "मी तडसुद्धा ठेवली आहे."

हाताखालचा माणूस भराभर लिहीत होता. केशवरावांचा चेहरा उजळला होता. नोकरीत त्यांना एकदा बक्षीस मिळालं होतं, तेव्हाच्या फोटोतही ते इतके खूश दिसत नाहीत. साहेबांनी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढले, छप्पर अलगद उचलून आतले काढले, आणि म्हणाले, "खरं सांगू? यानंतर तिकडं जायची गरजच नाही."

गजेंद्रने माझ्या बरगडीत कोपर मारलं. परतताना मूर्तिजापूरला उतरून आम्ही आलुबोंडे खाल्ले. गजेंद्र म्हणाला, "म्या सांगतलं होतं ना! वस्तू पायजे, वस्तू!" आणि सगळ्यांचे पैसे त्याने दिले. यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं.

पत्र आलं ते पोळ्याच्या आसपास. केशवरावांनी ते मला वाचायला दिलं. भाषा फार सौजन्याची होती. समितीने सादर केलेल्या प्रमाणबद्ध प्रतिकृतीच्या आधारे स्थळपाहणी पूर्ण झाली असून, खांब, फळ्या व छप्पर यांची अवस्था पाहता सदर इमारत धोकादायक असल्याचं सिद्ध झालं आहे. समितीच्या सहकार्याबद्दल आभार. खाली शिक्का. छान उठलेला.

"कूलर लावू का?" वहिनींनी विचारलं. पाऊस पडत होता.

आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. गजेंद्रच्या दुकानात त्या दिवशी नेमका माल आला होता. साहेबांनी आमच्यासाठी चहा मागवला. स्टेशन त्यांच्या टेबलावर काचेच्या पेटीत होतं, आत छोटा दिवा बसवला होता. संध्याकाळी तो लावला की तिकीट घर उघडं असल्यासारखं वाटतं, असं साहेबांनी सांगितलं. माणूस मनाने चांगला होता. वाईट असता तर आम्हाला जरा सोपं गेलं असतं.

"साहेब, ते पाडू नका," केशवराव म्हणाले. "दुरुस्त होईल. लाकूड आतून पक्कं आहे."

"मास्तर, तुम्हीच तर दाखवलंत. दखल घ्या, दखल घ्या म्हणून इतकी निवेदनं दिलीत. आधीच्या कोणी घेतली नाही. मी घेतली."

मी टेबलाखालून केशवरावांचा पाय दाबला. "साहेब," मी म्हणालो, "मॉडेल हे शेवटी मॉडेल असतं. शोभेसाठी थोडं जुनं करतात. तसं त्या पुस्तिकेतच लिहिलं आहे. काय केशवराव?"

साहेबांनी केशवरावांकडे पाहिलं. "म्हणजे हे चुकलंय?"

साधी गोष्ट होती. 'हो' म्हणायचं. मग अहवाल रद्द, पुन्हा स्थळपाहणी, आणि बाहेर पाऊस, मग अधिवेशन, मग ऊन. स्टेशन आणखी वीस वर्षं पडलं नसतं. मी पाय आणखी जोरात दाबला.

"हो," केशवराव म्हणाले.

"काय चुकलं?"

केशवराव काचेजवळ सरकले. चष्मा वर केला. खांब पाहिला, खिडकीखालच्या फळ्या पाहिल्या, आढ्याची ती तड पाहिली. लाइन मोकळी नसताना मोकळी आहे असं या माणसाने नोकरीत एकदाही कळवलं नव्हतं. कळवायचं कसं हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं, आणि आता उशीर झाला होता.

"मास्तर, मी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तर?" साहेबांनी विचारलं. तसे ते अजिबात जाणार नव्हते.

"असंच दिसेल," केशवराव म्हणाले.

मी पाय काढून घेतला. चहा आला. साहेबांनी जाताना आम्हाला दारापर्यंत सोडलं आणि केशवरावांचा हात हातात घेऊन म्हणाले, "आमच्याकडे आणखी काही इमारती पाहणीसाठी अडकून पडल्या आहेत. एक जुना डाक बंगला आहे, एक शाळा आहे. तुम्हाला वेळ असेल तर बघा. लाकूड आम्ही देऊ."

सागवानाचा लिलाव झाला, पाडकाम दिवाळीच्या आधी झालं. केशवराव जायला तयार नव्हते; वहिनी म्हणाल्या, मले पाहाचं हाय. म्हणून आम्ही तिघं गेलो. जीपवाल्याने अजूनही 'स्टेशन, स्टेशन' असा पुकारा करूनच उतरवलं. स्टेशनाच्या जागी काळ्या मातीत एक फिकट चौकोन होता, आणि चौकोनाच्या कडेने पुंजारामने मेथी पेरली होती. टोपल्या उन्हात होत्या. त्यांवर ओलं पोतं टाकलेलं होतं.

पुंजाराम धावत आला. "मास्तर, दोनच दिवसांत साफ! ठेकेदाराच्या मानसाजवळ कागद होता. कोनती फळी आधी काढाची, कोनता खांब सोताहून पडन, छपराले कुठून हात लावाचा, सारं लिवलेलं. कोनाले खरचटलं सुदिक नाई. ठेकेदार म्हने, इतका बराबर कागद म्या जिंदगीत नाई पाह्यला. कोन लिवला असन, मास्तर?"

"मी सांगितला," केशवराव म्हणाले.

पुंजारामने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या चौकोनाकडे पाहिलं. "तरीच," तो म्हणाला, आणि पिशवीत वांगी भरू लागला. पैसे घ्यायला तयार होईना.

वहिनी चौकोनाच्या एका बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. जिथे व्हरांडा असावा असं त्यांना वाटत होतं तिथे. मला वाटतं ती जागा थोडी चुकली होती, पण सांगायची सोय नव्हती. ऊन चढलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

"इथं बसाले काहीच नाई," त्या म्हणाल्या. "चला."

परतीची जीप भरलेली आली. वहिनींना आत जागा मिळाली, आम्हा दोघांना मागच्या फळीवर उभं राहावं लागलं. केशवरावांनी एका हाताने दांडी धरली होती, दुसऱ्या हातात वांग्याची पिशवी होती. जीप चालू लागली तेव्हा ते मागे पाहतील असं मला वाटलं. ते पुढे, ड्रायव्हरच्या पाठीकडे पाहत राहिले.